अंगठा देण्यापूर्वी

आमच्या प्रौढवर्गात एक आजी येतात. वय सत्तरीच्या पुढे. मूलबाळ नाही. पुतण्या म्हणाला, "काकू, घर माझ्या नावानं कर. तुला जन्मभर सांभाळीन."

आजी तालुक्याला गेल्या. कचेरीत बक्षीसपत्र झाले. आजींनी अंगठा दिला. कागदात काय लिहिले आहे, ते विचारले नाही. घरचाच मुलगा, त्याला काय विचारायचे?

वर्ष झाले. आजींचे अंथरूण पडवीत आले. मग ताटही पडवीत आले. एके दिवशी पुतण्या म्हणाला, "आता दुसरीकडं बघ." आम्ही तो कागद वाचून पाहिला. त्यात घर दिल्याचे लिहिले होते. सांभाळण्याचा एक शब्दही नव्हता.

आता आपण कायदा काय म्हणतो ते पाहू.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. वय ६० झाले, म्हणजे माणूस ज्येष्ठ नागरिक. मुले सांभाळत नसतील, तर त्यांच्याकडून निर्वाहाचा खर्च मागता येतो. मूल नसेल, तर ज्या नातलगाकडे आपली मिळकत गेली, त्याच्याकडून मागता येतो. अर्ज प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणाकडे करावा. स्वतः जाता येत नसेल, तर आपल्या वतीने दुसऱ्याला अर्ज करता येतो.

२३ वे कलम मिळकतीचे आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर दिले आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते देणे रद्द होऊ शकते. पण अट होती, हे दाखवावे लागते. कागदात लिहिलेली असेल, तर काम सोपे. नसेल, तर साक्षीदार शोधत फिरावे लागते.

२४ वे कलम शिक्षेचे आहे. सांभाळणाऱ्याने म्हाताऱ्या माणसाला कायमचे टाकून दिले, तर ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होतात.

म्हणून ध्यानात ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. कागद परक्या, जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. अट लिहून घ्या. नक्कल जवळ ठेवा. सल्ला हवा असेल, तर १४५६७ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत. मारहाण झाली, तर ११२ वर पोलिसांना कळवा.

आजींचा अर्ज आम्ही लिहून दिला. त्यावर त्यांनी अंगठा दिला नाही, सही केली. सहीला दोन महिने लागले. मग त्या म्हणाल्या, "आता मला 'अट' हा शब्द लिहायला शिकवा."

प्रश्न
१. आजींच्या कागदात काय लिहायचे राहिले?
२. अर्ज कोणाकडे करावा?
३. 'अट' हा शब्द पाच वेळा लिहा.