परात नेमकी कोणत्या घरी?

प्रश्न : आम्ही कॉटन ग्रीनला, भाऊ डोंबिवलीला, गावचं घर कणकवलीजवळ. गणपतीत दरवर्षी परात, समई शोधण्यात दिवस जातो. यादी कशी ठेवावी?

उत्तर : गुगल शीटमध्ये सगळ्यांची एकच यादी करा : वस्तू, फोटो, सध्या कुठे, कोणी नेली. वाट्या-चमचे मोजत बसू नका, काम तिथेच अडतं. पितळी भांड्यांवर कोरलेल्या नावाचा नि सालाचा जवळून फोटो घ्या. दोन सारख्या पातेल्यांतलं आजीचं कोणतं, ते त्यावरूनच कळतं. वस्तू नेणाऱ्यानेच, गाडीत बसण्याआधी, नोंद बदलावी. आणि बहिणींना यादीत घ्याच. मृत्युपत्र नसेल तर 1956च्या हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलांच्या स्वतःच्या वस्तूंत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. दागिने मात्र इथे लिहू नका. लिंक कुठवर जाईल सांगता येत नाही.