निर्धूर चूल निर्धूर कशी ठेवावी?



आता पुष्कळ घरी गॅस आहे. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली, त्यानंतर तर तो आणखी घरी आला. तरीपण चूल काही गेली नाही. सिलिंडर पुरवून पुरवून वापरतात. अंघोळीचं पाणी तापवणं, डाळ शिजवणं, भाकरी करणं ही कामं चुलीवरच होतात. म्हणून चुलीची निगा कशी राखावी हे सर्वांना माहीत पाहिजे.

आमच्या घरी धुराड्याची चूल आहे. तिला निर्धूर चूल म्हणतात. 1980 नंतरच्या काळात सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम काढून अशा चुली गावोगावी बसवल्या. तो कार्यक्रम 2002 साली थांबला. पुढे बऱ्याच घरी धुराडं तुंबलं, धूर पुन्हा घरात कोंडू लागला आणि लोकांनी पाइप काढून टाकला. पुष्कळदा चूल वाईट नव्हती, तिची सफाईच होत नव्हती.

चुलीचे भाग

1) तोंड : इथून लाकडं आत सारतात.
2) जाळी : हिच्यावर लाकडं जळतात. हिच्यातून राख खाली पडते आणि हवा वर येते.
3) मुख्य चूल आणि वैल : मुख्य चुलीवर तवा, वैलावर भाजीचं किंवा पाण्याचं भांडं. दोन्हींच्या मध्ये आतून वाट असते.
4) धुराडे : वैलाच्या मागे पाइप असतो. तो छपराच्या वर जातो. त्याच्यावर टोपी असते, म्हणजे पाऊस आत येत नाही.

चूल धूर कसा ओढते?

गरम हवा हलकी असते. ती पाइपातून वर जाते. तिची जागा घ्यायला चुलीच्या तोंडातून नवी हवा आत येते. असा ओढा सुरू झाला की धूर आपोआप बाहेर जातो. वाट मोकळी असली तरच ओढा लागतो. खाली राख साचली, मधली वाट बुजली किंवा पाइपात काजळी बसली, की धूर उलटा फिरून घरात येतो.

काजळी किती नुकसान करते ते मी मोजून पाहिलं. आमच्या पाइपाचं तोंड आतून 10 सेंटिमीटर रुंद आहे. चहूबाजूंनी 1 सेंटिमीटर काजळी बसली तर 8 सेंटिमीटर उरतात. 1 सेंटिमीटरच्या चौकटी आखून मी दोन्ही मापांची वर्तुळं काढली. अर्ध्यामुर्ध्या चौकटी जोडून मोजल्या. मोठ्या वर्तुळात सुमारे 78 चौकटी भरल्या, लहान वर्तुळात सुमारे 50. म्हणजे बोटभरसुद्धा काजळी नाही आणि धुराची तिसरा हिस्सा वाट बंद!

रोजची सफाई

सकाळी चूल पेटवायच्या आधी जाळीखालची राख काढावी. राख गार दिसते, पण तिच्यात निखारा रात्रभर जिवंत राहतो. म्हणून राख लोखंडी घमेल्यात काढावी. ती कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळलेल्या उकिरड्यावर टाकू नये. पूर्ण विझल्यावर ती भांडी घासायला आणि खताच्या खड्ड्यात टाकायला चालते.

गरम चुलीवर पाणी ओतू नये. त्याने माती तडकते.

आठवड्याची सफाई

चूल गार असताना वैलावरचं भांडं काढून मधल्या वाटेतली राख जुन्या पळीने ओढून घ्यावी. भांड्यांच्या बुडाची काजळी घासावी.  चुलीला भेगा पडल्या असतील तर माती, शेण आणि बारीक भुसा कालवून त्या बुजवाव्यात, मग पोतेरं फिरवावं. भेगांतून धूर बाहेर येतो आणि ओढाही कमी होतो.

महिन्याची सफाई

हे काम मोठ्या माणसांचं आहे. मुलांनी छपरावर चढू नये. आदल्या रात्रीपासून चूल विझलेली असावी. आमचे बाबा नाकातोंडाला फडकं बांधतात आणि शिडी लावून टोपी काढतात. लांब बांबूच्या टोकाला काथ्या घट्ट बांधलेला असतो. तो पाइपात हळूहळू वरखाली फिरवतात. काजळी खाली पडते. मग आई खालून ती काढते. मी घमेलं धरते. पाइपाला दणके देऊ नयेत, तो फुटतो. टोपीखाली पाखरांनी काड्या आणल्या असतील तर त्याही काढाव्यात.

काजळी फार साचली तर ती पाइपात पेटूसुद्धा शकते. म्हणून पाइप छपरातून जातो तिथं गवत किंवा पाचट टेकलेलं नसावं.

उदबत्तीची परीक्षा

सफाई नीट झाली का ते असं ओळखावं. चुलीवर दोन्ही भांडी ठेवून थोडा जाळ करावा. पाइप तापला की मोठ्या माणसाने पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडापाशी धरावी. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. बाहेर आला तर कुठंतरी अडलं आहे.

वैल कधी उघडा ठेवू नये. भांडं नसेल तर त्यावर झाकण ठेवावं. लाकडं वाळलेली आणि बारीक फोडलेली असावीत. चूल ठासून भरू नये. ओल्या लाकडाने काजळी जास्त धरते. प्लॅस्टिक चुलीत मुळीच घालू नये, त्याचा धूर विषारी असतो.

ही सफाई कशासाठी?

चुलीच्या धुरात बारीक कण असतात. ते श्वासाबरोबर छातीत जातात. त्याने लहान मुलांना न्यूमोनिया होतो आणि मोठ्यांना दम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायूही असतो. त्याला वास नाही आणि रंगही नाही, पण बंद खोलीत तो जीव घेतो. म्हणून थंडीत निखाऱ्याची शेगडी दार लावून झोपायच्या खोलीत ठेवू नये. चूल निर्धूर असली तरी खिडकी उघडी ठेवावी.

आमच्या आजीचं निम्मं आयुष्य साध्या चुलीपुढं गेलं. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे सारखे पाणावतात. तिला रात्री खोकल्याची उबळ येते. आजी म्हणते, "बाई गं, आमच्या वेळेला धूर म्हणजे बायकांच्या नशिबातलाच असं धरायचे." पण धूर नशिबाने येत नाही, पाइप तुंबल्याने येतो. माझी धाकटी बहीण आठ महिन्यांची आहे. आई भाकरी करताना ती जवळच रांगते. आईच्या नाकात जाणारा धूर तिच्याही नाकात जातो.

पालकांना माझी एक विनंती आहे. चुलीवरचं सगळे खातात, तर चुलीची सफाईही सगळ्यांनी करावी. आमच्या घरी आता काम वाटलेलं आहे. रोजची राख दादा काढतो, भेगा आई आणि मी लिंपतो, धुराडं बाबांकडे. शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतो, म्हणजे पुढचा महिना विसरत नाही.

ओळखा पाहू!

1) पाइपाचं तोंड 10 सेंटिमीटर आहे. चहूबाजूंनी 2 सेंटिमीटर काजळी बसली तर किती सेंटिमीटर उरतील?
2) वैलावर भांडं नसेल तर काय करावं?
3) तुमच्या घरचं धुराडं शेवटचं कधी साफ केलं? घरी विचारा आणि तारीख वहीत लिहून आणा.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी