आपली सावली

जव्हारजवळील दाभोसा गावचा धबधबा प्रसिद्ध आहे. परंतु वैशाखात तेथील शेतकरी उन्हात कसे कष्टतात, हे पावसाळी पाहुण्यांना दिसत नाही. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून ते राब तयार करतात. त्या वेळी डोक्यास गुंडाळलेले फडके हेच त्यांचे छत्र असते.

सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते त्वचेतील पेशींना इजा करतात. ही इजा वर्षानुवर्षे साचत गेली, की कधी कधी त्वचेचा कर्करोग उद्भवतो. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य हे किरण बरेचसे अडवते. म्हणून आपल्या देशात हा रोग कमी आढळतो. पण कमी म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे. ज्यांच्या त्वचेत हे रंगद्रव्य जन्मतःच नसते, त्यांना तर फार जपावे लागते.

ऑस्ट्रेलियात हा रोग पुष्कळ आढळतो. तेथील नँबोर गावी १९९२ साली एक प्रयोग सुरू झाला. काही लोकांनी साडेचार वर्षे रोज सनस्क्रीन हे ऊनरोधक मलम लावले. इतरांच्या मानाने त्यांच्यात त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी कमी झाल्या.

उन्हात असताना हे मलम दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. ते नसले, तरी उपाय खुंटत नाही. आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीहून आखूड असेल, तर ऊन प्रखर आहे असे समजावे. अशा वेळी अंग कापडाने झाकावे, शक्य तर झाडाखाली जावे आणि उन्हातील कामे सकाळ-संध्याकाळवर ठेवावीत. या मोजमापास पैसा पडत नाही. ते सदैव आपल्या पायाशीच असते.