पायथनची लायब्ररी नव्या आवृत्तीवर नेताना पैसे कुठे जातात

पायथन फुकट, लायब्ररीही फुकट. तरी ती नव्या आवृत्तीवर न्यायचं कोटेशन मागवलं की आकडा येतोच. हे पैसे प्रोग्रामरच्या तासांचे असतात. त्यातही कोड बदलण्यापेक्षा, बदलल्यावर काही बिघडलं नाही ना, हे तपासण्यात जास्त तास जातात. त्यामुळे कोटेशनमध्ये टेस्टिंगचे तास वेगळे मागून घ्या. लायब्ररीला मुळात टेस्टच नसतील, तर त्या लिहिण्याचा खर्चही धरा. तो टाळू नका.

पायथन 3.12 मधून डिस्ट्युटिल्स हे मॉड्यूल गेलं, 3.13 मधून सीजीआय, टेलनेटलिब धरून 19 जुनी मॉड्यूल्स. ही मोडतोड स्वस्तात निस्तरते, कारण एरर येते आणि कुठल्या ओळीवर अडलं तेही कळतं. महाग पडते ती एरर न देणारी चूक. पायथन 2 मध्ये 3/2 चं उत्तर 1 यायचं, पायथन 3 मध्ये 1.5 येतं. यूटीएफ-8 मधल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी जुना प्रोग्राम 15 सांगायचा, कारण तो बाइट मोजायचा. नवा 5 सांगतो. पावतीवर ग्राहकाचं नाव ठरावीक लांबीला कापणारा कोड असेल, तर नाव आता वेगळ्याच ठिकाणी कापलं जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला. अजून त्यावरच असाल तर टेस्टिंगला हात आखडू नका.

लायब्ररीत सी भाषेतला कोड असेल, तर विंडोज, मॅक, लिनक्ससाठी वेगवेगळं बिल्ड लागतं. हे काम आधी केलेला माणूसच शोधा. मात्र ओपन सोर्स प्रकल्पाच्या टेस्ट गिटहबच्या साध्या मशीनवर फुकट चालतात. त्यासाठी कोणी सर्व्हरचं भाडं लावलं, तर कारण विचारा.

स्वतःपुरती वेगळी प्रत काढून त्यात बदल करणं आज स्वस्त वाटतं. पण दर ऑक्टोबरला पायथनची नवी आवृत्ती येते आणि त्या प्रतीचा सांभाळ कायमचा तुमच्या गळ्यात पडतो. माझं स्पष्ट मत आहे, बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवायची अट करारातच घाला. जमलं तर तिथल्या मेंटेनरलाच मानधन द्या. कोडचे खाचखळगे त्यांना पाठ असतात.

तुमच्या आवृत्तीचा सपोर्ट चालू असेल, तर घाईची गरज नाही. प्रत्येक आवृत्तीला साधारण 5 वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. आधी फक्त पाहणीचे पैसे द्या: सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून नव्या आवृत्तीवर टेस्ट चालवायच्या आणि काय काय अडतं त्याची यादी करायची. पुढच्या कामाचा भाव ती यादी हातात आल्यावरच ठरवा.