पूरक आरोग्य विमा : खरेदीपूर्वी सोडवावयाचे एक उदाहरण



काही दिवसांपूर्वी एक शिक्षकबंधू आपले विमापत्र घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या पत्नीस एकाच वर्षात दोनदा खाजगी रुग्णालयात ठेवावे लागले होते. पहिले देयक २,५०,००० रुपयांचे व दुसरे २,००,००० रुपयांचे. त्यांच्यापाशी ३ लाखांचा मूळ विमा होता आणि त्यावर १० लाखांचा पूरक विमाही होता. तरीदेखील दीड लाख रुपये त्यांस पतसंस्थेचे कर्ज काढून भरावे लागले. आपणांस फसविले, असा त्यांचा ग्रह झाला होता. विमापत्र वाचून पाहता फसवणूक आढळली नाही. आढळला तो एका शब्दाचा फरक.

पूरक विमा दोन प्रकारचा असतो, टॉप-अप व सुपर टॉप-अप. दोहोंतही एक वजावट मर्यादा ठरलेली असते व त्या मर्यादेपलीकडील खर्च तेवढा कंपनी देते. म्हणूनच त्यांचा हप्ता मूळ विम्याच्या मानाने पुष्कळ कमी असतो. मात्र टॉप-अपमध्ये ही मर्यादा प्रत्येक देयकास स्वतंत्रपणे लावतात, तर सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या एकूण खर्चास लावतात. आता वरील आकडे फळ्यावर मांडून पाहा. मर्यादा ३ लाखांची. दोन्ही देयके तिच्या आतली. मूळ विम्याने पहिले देयक पूर्ण दिले व दुसऱ्यापोटी उरलेले ५०,००० दिले. टॉप-अपने काहीच दिले नाही, कारण एकही देयक एकट्याने ३ लाखांपुढे गेले नव्हते. तोच विमा सुपर टॉप-अप असता तर बेरीज ४,५०,००० झाली असती आणि मर्यादेवरील दीड लाख, इतर अटींस अधीन राहून, त्यांस मिळाले असते.

येथे कोणी विचारील की, आपणांस शासकीय वैद्यकीय खर्च प्रतिपूर्ती असताना हा खटाटोप कशाला? प्रतिपूर्ती हा आपला हक्क आहे, परंतु तो विमा नव्हे. पैसे आधी पदरचे भरावयाचे, मग प्रस्ताव पाठवावयाचा. खाजगी रुग्णालयातील उपचारांस ठरावीक आकस्मिक व गंभीर आजारांच्या यादीचे बंधन आहे, आणि मंजूर रक्कम देयकाएवढीच असेल असेही नाही. वरील बंधूंचा प्रस्ताव याच यादीपाशी अडला. एकाच खर्चाचा तोच रुपया मात्र दोन्हींकडून घेता येत नाही, हे ध्यानात असावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, तेही अंगीकृत रुग्णालयांत व ठरलेल्या उपचारांपुरते. घरी सत्तरी ओलांडलेले आईवडील असतील तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना उत्पन्नाची अट न ठेवता त्यांस खुली झाली आहे. त्यांचे कार्ड आधी काढावे, विम्याचा विचार नंतर.

गंभीर आजार विमा व रोजभत्त्याचा विमा यांची जात निराळी. ते देयक पाहून नव्हे, तर ठरलेली रक्कम देतात. पहिला यादीतील आजाराचे निदान झाल्यावर एकरकमी, दुसरा रुग्णालयातील दर दिवसास. बिनपगारी रजेच्या काळात त्यांचा आधार होतो. रुग्णालयाचे मोठे देयक त्यांवर भागेल, अशी अपेक्षा बाळगू नये.

सर्वांत अधिक अनर्थ होतो तो प्रस्तावपत्र भरताना. दुसऱ्या एका प्रकरणात प्रतिनिधीने मधुमेहाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले व गुरुजींनी न वाचता सही केली. पुढे हृदयविकाराचा दावा नाकारला गेला. प्रश्न वाचल्यावाचून उत्तर लिहू नये, असे मुलांस रोज बजावणारे आपण! वस्तुतः आजार लपविण्याचे कारणच नव्हते. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. याचाच अर्थ असा की, सेवानिवृत्तीच्या तोंडावर विमा घेणाऱ्याची ही तीन वर्षे नेमकी नको त्या वयात येतात. पन्नाशीतील बंधुभगिनींनी याचा हिशेब आजच करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, हीही सोय झाली आहे.

विमापत्र हाती आल्यावर ३० दिवसांत ते परत करता येते. त्या अवधीत वजावट मर्यादा ‘प्रत्येक दाव्यास’ आहे की ‘वार्षिक एकूण’ खर्चास, खोलीभाड्यास मर्यादा आहे काय, व आपला जुना आजार त्यात नोंदलेला आहे काय, हे तिन्ही शब्दशः तपासावे.

स्वाध्याय : वजावट मर्यादा ५ लाख, एका वर्षातील देयके ४ लाख, ३ लाख व ६ लाख. टॉप-अप किती देईल व सुपर टॉप-अप किती? उत्तरे रीतीसह लिहून पुढील शिक्षण परिषदेस आणावीत. सोबत स्वतःचे विमापत्रही आणावे.