सर्पगंधेच्या रोपांसाठी मातीची निवड व सिद्धता

सर्पगंधेचे मूळ बाजारातून आणावे तर ते अस्सल असेलच याची शाश्वती नाही. रॉवोल्फिया टेट्राफायला या भाऊबंद वनस्पतीची मुळे तिच्या नावाने सर्रास खपतात. रानातील साठा आटल्यामुळे ही वनस्पती १९९० पासून आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीतही आहे. म्हणूनच आपल्यापैकी अनेक वैद्य व औषधनिर्माते आता स्वतः रोपे तयार करू लागले आहेत. त्यांच्या तक्रारी प्रायः बियाण्याबद्दल असतात. प्रस्तुत लेखकाच्या मते निम्मा दोष मातीचा असतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्याय आपण सर्वांनी परीक्षेपुरता वाचलेला आहे. खड्डे, खडे, वारूळ, स्मशान यांनी दूषित नसलेली, क्षारयुक्त नसलेली, मृदू, स्निग्ध, पाण्यापासून फार दूर नसलेली भूमी औषधींसाठी प्रशस्त, असे तेथे सांगितले आहे. तो विचार शेताइतकाच पिशवीतील दोन मुठी मातीलाही लागू पडतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

सर्पगंधेला भुसभुशीत, पालापाचोळ्याने समृद्ध, किंचित आम्ल माती मानवते. कोकणातील जांभ्याची तांबडी माती त्यामुळे सोयीची ठरते. देशावर व विदर्भात अडचण येते. काळी माती ओली असता फुगते व सुकता भेगाळते. तिच्यात पाणी कोंडते, कोवळ्या मुळाला हवा मिळत नाही. शिवाय तिच्यात चुनखडी असेल तर झाडाला लोह घेता येत नाही, शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. चुनखडीची परीक्षा औषधशाळेत सहज करता येते. वाळलेल्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकावेत. माती फसफसली तर ती बाजूला ठेवावी. वाळू मिसळून निचरा सुधारेल, चुना जाणार नाही.

लेखकाने पहिल्या वर्षी अंगणातील काळी माती व गोठ्यातले ताजे शेण यांवरच भागवले. रोपे उगवली, चार पानांवर आली आणि पावसाळी हवेत बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. उरलेल्या पिशव्या उकरल्या तेव्हा हुमणीच्या पांढऱ्या अळ्या मुळे कुरतडताना दिसल्या. कच्चे शेण म्हणजे हुमणीला आमंत्रण! खत हातात घेतल्यावर भुरभुरले पाहिजे, त्याला शेणाचा वास येता कामा नये.

मिश्रण असे करावे. तांबडी किंवा पोयट्याची माती दोन घमेली, पूर्ण कुजलेले शेणखत वा पानांचे खत एक घमेले आणि नदीची जाड, धुतलेली वाळू एक घमेले. समुद्राची वाळू क्षारामुळे घेऊ नये. सर्व चाळून एकत्र करावे. पिशवी भरून पाणी घातले असता ते थोड्याच वेळात तळाच्या भोकांतून गळू लागले पाहिजे. वर तळे साचून राहिले तर वाळू वाढवावी.

रोप कोलमडण्याच्या रोगाची बुरशी मातीतच असते. एप्रिल-मेचे ऊन हा त्यावरचा स्वस्त उपाय. मिश्रण ओलवून वीतभर थरात पसरावे, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबाव्यात व चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. काळे प्लास्टिक येथे तितके उपयोगी नाही, कारण ऊन आत शिरत नाही. ट्रायकोडर्मा वापरावयाचा असल्यास तो या तापवण्यानंतरच मिसळावा, आधी मिसळल्यास तोही मरतो.

माती कोठून उचलली, हा प्रश्न औषधशाळेच्या मालकांनी विशेष विचारावा. निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. त्यात शिशाची मर्यादा दहा दशलक्षांश भाग व कॅडमियमची केवळ ०.३ आहे. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशात बंद झाले, तरी जुन्या हमरस्त्याकडेच्या मातीत मुरलेले शिसे सहजी जात नाही. तेथील माती, कारखान्याच्या आवारातील भराव व शहरी कचऱ्याचे अनपेक्षित खत टाळावे. आपण मूळच औषधात घालतो, पान नव्हे.

काही सभासद विजयेच्या रोपांसाठीही हेच मिश्रण चालेल का, असे विचारतात. निचऱ्याचे तत्त्व तेच आहे. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार शासनाच्या परवानगीविना तिचे एक रोप लावणेही गुन्हा ठरतो. तेव्हा परवाना हाती नसता मातीचा विचारही करू नये.

बी शक्यतो त्याच हंगामातले घ्यावे, जुन्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. ते चोवीस तास पाण्यात भिजवून तरंगणारे काढून टाकावे व मेअखेरीस बोटाच्या अर्ध्या पेरावर पेरावे. कठीण कवचामुळे उगवण एकसारखी होत नाही. काही बिया तिसऱ्या आठवड्यात, काही सहाव्या आठवड्यानंतरही डोके वर काढतात. म्हणून रिकाम्या दिसणाऱ्या पिशव्या जुलै संपेपर्यंत ओतून टाकू नयेत.