न बोलणाऱ्या विद्यार्थ्याचा संवाद : साधन व साध्य

ज्याला बोलता येत नाही त्याच्यापाशी सांगण्यासारखेही काही नसावे, अशी समजूत आपल्या मनात नकळत घर करून असते. सेरेब्रल पाल्सीसारख्या अवस्थेत ओठ, जीभ व श्वास यांवर पुरेसा ताबा नसतो; समज मात्र शाबूत असू शकते. अशा विद्यार्थ्याला कोणते साधन द्यावे याची चर्चा पुष्कळ होते. ते कशासाठी द्यावे, हा प्रश्न मागे पडतो. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम साधनांविषयी थोडेसे. चार्ल्स ब्लिस यांनी १९४९ साली एक चिन्हलिपी प्रसिद्ध केली. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचे समजावे, हा तिचा मूळ हेतू. १९७१ साली टोरांटो येथे शर्ली मॅकनॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती न बोलणाऱ्या मुलांच्या हाती दिली. तक्त्यावरील चिन्हे दाखवून मुले आपले म्हणणे मांडू लागली. आज टॅब्लेटवरील चित्राला स्पर्श करताच यंत्र तो शब्द उच्चारते. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये तयार झालेले ‘जेलो’ हे साधन मराठीतही बोलते.

परंतु त्या पडद्यावर शब्द कोणते असतात? पुष्कळदा ‘पाणी’, ‘जेवण’, ‘शौचास’ एवढेच. संशोधिका जॅनिस लाइट यांनी १९८८ साली संवादाची चार प्रयोजने मांडली : गरज व्यक्त करणे, माहिती देणे-घेणे, जवळीक साधणे आणि शिष्टाचार पाळणे. पाणी मागणे हे यांपैकी केवळ पहिले. ‘माझे दुखते’, ‘मला हात लावू नका’, ‘हे मला पटले नाही’ हे शब्द ज्याच्यापाशी नाहीत, तो तहानलेला राहणार नाही. असहाय मात्र राहील.

म्हणून ‘रोज वीस चित्रे दाबील’ हे उद्दिष्ट संवादाचे नव्हे, यंत्राच्या सरावाचे झाले. ‘तासाला निदान एकदा आपणहून प्रश्न विचारील’, ‘नको असेल तेथे नकार देईल’, ‘मित्राला कालची हकीकत सांगेल’ ही संवादाची उद्दिष्टे होत. त्यांत ऐकणाऱ्याचाही वाटा आहे. शिक्षकाने बोलता बोलता स्वतः त्याच चित्रांवर बोट ठेवावे. प्रश्न विचारल्यावर थांबावे. विद्यार्थ्याचे वाक्य आपण पुरे करू नये. दहा सेकंदांची शांतता आपल्याला जड वाटते. पण तेवढ्या वेळात त्याचे बोट पहिल्या शब्दापर्यंत पोहोचत असते.

यंत्रामुळे उरलीसुरली वाचाही जाईल, अशी भीती पालकांना वाटते. मिलर, लाइट व श्लॉसर यांनी २००६ साली पूर्वीच्या अभ्यासांची छाननी केली. भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचेही बोलणे कमी झालेले आढळले नाही. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने शिक्षणात पर्यायी संवादपद्धतींना उत्तेजन देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. उद्या आपल्या शेजारच्या बाकावर असा सहाध्यायी येऊन बसेल. कायद्याने त्याला यंत्र मिळेल. त्याचे ऐकण्यासाठी थांबणे मात्र आपल्याच हाती आहे.